पान नऊ

नाबरकाकांची आणि माझी पहिली भेट आमच्या टपालपेट्यांपाशी झाली. मी म्हणालो, "नमस्कार काका, मी समोरच राहतो. कधीपासून यायचं यायचं म्हणत होतो, पण इथे वेळच मिळत नाही, आणि तुम्हाला उगाच डिस्टर्ब करायला नको वाटलं."

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "'समोरच राहतो' इथपर्यंत ठेवा. पुढचं कापा. त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही."

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आमच्या गल्लीत मोटारींचे ब्रेक, सीट आणि वायपर करणारी माणसं राहतात. ब्रिटिश टीव्हीसाठी तीस वर्षं मालिका लिहिलेला माणूस त्यांना नवा होता. काकांना मात्र आम्ही नवे नव्हतो. पटकथेत ज्यांना दोनच वाक्यं असतात त्यांना नाव देत नाहीत, नुसता क्रमांक देतात. त्या रीतीने मी 'शेजारी एक' झालो आणि माझी बायको 'शेजारी दोन'. ती चिडली. "मला दोन का?" काका म्हणाले, "तुम्ही नंतर प्रवेश केलात."

काका गिरगावातून विशीत लंडनला गेले ते एका विमा कंपनीत कारकून म्हणून. तिथल्या एका मालिकेत हिंदुस्थानी दुकानदाराचं पात्र होतं. सुटे पैसे परत देणं एवढंच त्याचं काम. ते अस्सल वाटतंय का, हे बघायला कुणाच्या तरी ओळखीने काकांना बोलावलं. काकांनी त्या दुकानदाराला सर्दी दिली आणि एक मेहुणा दिला. दुकानदार अकरा वर्षं टिकला. मेहुण्याचं तर पुढे लग्नही झालं. मग इस्पितळाची मालिका आली, मग पोलिसांची. इस्पितळात काकांनी बरीच माणसं मारली. "आजाराने कोणी नाही," ते सांगत. "सगळे पगारवाढ मागून गेले."

कीर्तीबद्दल विचारलं तर म्हणत, "माझं नाव पडद्यावर यायचं त्याच क्षणी सगळं ब्रिटन चहाचं आधण ठेवायला उठायचं. माझं नाव फक्त मांजरांनी वाचलंय."

या सगळ्याची एक अट होती. घरात मराठी बंद. "कान बिघडतो," असं काकांचं म्हणणं. दिवसभर इंग्रज माणसांच्या तोंडी वाक्यं घालायची तर घरातही तेच कानावर पडलं पाहिजे. काकू गिरगावच्याच. त्यांनी नवऱ्याचं ऐकलं आणि मराठी फक्त कुकरशी बोलल्या. मुलगी रोहिणी उत्तम इंग्रजी बोलत मोठी झाली, इंजिनियर झाली आणि नोकरीसाठी मिशिगनला आली. काकू गेल्यावर तिने वडिलांना इथे आणलं.

आणि इथे काकांच्या चारी बाजूंनी मराठी सुरू झालं. कसलं का असेना. "मी ड्राइव्ह करतो, तू मागे बसून रिलॅक्स कर," असलं मराठीही काका कान देऊन ऐकत. डाळ आणायला दुकानात गेले की रांगेत मुद्दाम मागे राहत. गल्लीत एकच घर असं होतं जिथे हे ऐकू येत नसे. त्यांचं स्वतःचं. संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत आणि आमची भांडणं ऐकत. "चांगलं चाललंय," म्हणत. "थांबू नका."

गणेशोत्सवासाठी मंडळाच्या अध्यक्षांनी काकांना नाटुकलं लिहायला सांगितलं. अध्यक्षांना साधं बोलता येत नाही. "काका, आपल्या कम्युनिटीला प्राउड फील होईल, कल्चरही येईल, व्हॅल्यूजही येतील आणि किड्सही एन्जॉय करतील असं काहीतरी."

"आणि किती मिनिटांत?"

"वीस."

"व्हॅल्यूज कापा."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा मराठीत लिहिलं. दोन शेजाऱ्यांचं ड्राइव्ह-वेवरच्या बर्फावरून भांडण. चौदा पानं, स्वच्छ विनोदी. दिग्दर्शन माझ्याकडे, म्हणजे गराज माझं. मुलांना देवनागरी येत नाही म्हणून सगळं रोमन लिपीत टाइप केलं. म्हाताऱ्या बापाचं काम करायला कोणी मिळेना, ते काकांनी घेतलं. मुलीचं काम करणाऱ्या बाईंची ऑफिसात ऑन-कॉल ड्युटी निघाली. तेव्हा काका भिंतीकडे बघत म्हणाले, "रोहिणीला विचारून बघा. दोनच वाक्यं आहेत."

ती दोन वाक्यं पान नऊवर होती. बाप बर्फ उपसून घरात येतो. मुलगी म्हणते, "बाबा, जेवलात का? मी वाट बघत होते." बाप म्हणतो, "चल, बसू." बस. पुढच्या पानावर पुन्हा भांडण.

रोहिणी आली, ऑफिसच्या कपड्यांतच. कागद हातात धरून तिने सावकाश वाचलं. रोमन लिपीत 'वाट' म्हणजे व्ही, ए, टी ही तीन अक्षरं, आणि ब्रिटनमध्ये वाढलेल्या माणसाला ती एकाच तऱ्हेने वाचता येतात.

"बाबा, जेवलात का? मी व्हॅट बघत होते."

मुलं खिदळली. मी सांगितलं की व्हॅट तो सरकारी कर, ही वाट. ती हसली, सॉरी म्हणाली. काका हसले नाहीत.

"पुन्हा," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी पान नऊ सात वेळा झालं. भांडण दोनदाच झालं. पुढच्या आठवड्यातही तेच. रोहिणीचा 'जेवलात' हळूहळू सुधारला, 'बाबा' तर पहिल्यापासूनच चांगला होता, पण व्हॅट काही हटेना. ज्या माणसाने लंडनच्या नामांकित नटांना एका स्वल्पविरामासाठी फोनवर झापलं होतं, तो इथे "काही हरकत नाही, पुन्हा," म्हणत प्लास्टिकचं फावडं घेऊन गराजच्या दारातून नव्याने प्रवेश करत होता.

मग अध्यक्षांचा फोन आला. प्रमुख पाहुणे वाढले होते, त्यामुळे भाषणं वाढली होती. नाटुकलं पंधरा मिनिटांत बसवा. मी चौदा पानं पुढे-मागे चाळली. काय काढायचं ते उघड होतं. पण काकांना सांगायचं कसं, म्हणून मी मुलांचं एक गाणं काढावं असं सुचवलं.

"गाणं राहू दे," काका म्हणाले. "पान नऊ कापा. कथा त्याने तसूभर पुढे सरकत नाही. नवशिक्यालाही कळेल."

"पण काका, मग रोहिणीचं कामच उरत नाही."

"नाही उरत."

त्यांनी निळ्या पेन्सिलीने पानावर तिरकी रेघ मारली. सरळ, न थांबता. मग पान मला परत दिलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "हे प्रयोगात नाही. तालमीत मात्र घ्या. नटांचा आवाज मोकळा होतो."

तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी असली सबब कुणाची चालू दिली नसती. मी चालू दिली. अशा रीतीने पुढचे तीन आठवडे आमच्या गराजमध्ये, नाटकात नसलेल्या पानाची तालीम नाटकात नसलेल्या नटीकडून होत राहिली. रोहिणीला मी फोन करून सांगितलं होतं की सीन कट झालाय. ती इंग्रजीत म्हणाली, "ओके. मंगळवारी सहालाच ना?"

शेवटच्या मंगळवारी ती लवकर आली. मला वाटलं, बिचारीला एकदा नीट शिकवावं. काका बाहेर ड्राइव्ह-वेवर फावडं घेऊन प्रवेशाची वाट बघत होते. मी आवाज खाली आणून म्हणालो, "रोहिणी, माझ्या मागून म्हण. वा-ट."

"वाट," ती म्हणाली. अगदी स्वच्छ. माझ्या नागपुरी 'वाट'पेक्षा स्वच्छ.

मी हातातल्या पान नऊची घडी घातली.

"मला फर्स्ट वीकपासून येतं," ती म्हणाली. मराठीतच, शब्द एकेक ठेवत. "पण बरोबर म्हटलं की बाबा पुढचं पान काढतात."

बाहेरून काकांनी दार वाजवलं. ती जागेवर जाऊन उभी राहिली, कागद बघितला नाही.

"बाबा, जेवलात का? मी व्हॅट बघत होते."

"पुन्हा," नाबरकाका म्हणाले, आणि फावडं उचलून बाहेर गेले.