आगबोट बर्फी हिची दक्षिणध्रुव मोहीम

श्रीगजानन प्रसन्न. शके १९२७, पार्थिवनाम संवत्सरी, पौषमासी, जर्मनी मुलखी आखन शहरी जी समुद्रमोहीम जाहली, तिची हकीकत येथे यथास्थित लिहिली आहे. आखन शहरास समुद्र नाही, ऐसे कोणी म्हणेल. त्यास उत्तर की, घंघाळ होते. बालगोपाळांनी सावध बसून ऐकावे, थोरांनी मध्ये बोलू नये.

राजश्री श्यामकांतपंत हे साताऱ्याचे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त जाहलेले मातबर गुरुजी. कन्या लतिकाबाई आणि जावई सिद्धेशराव, जे आखनचे विद्यापीठी यंत्रांचे संशोधन करीत, यांचे भेटीस ते आले. येताना सरंजाम पुष्कळ आणिला: मेतकूट, गोडा मसाला, आणि नऊ वर्षांची नात चिरंजीव ईप्सिताबाई इजकरिता जत्रेतील पत्र्याची आगबोट. बोट वीतभर, परंतु जंगी आरमारी. अंगावर चार तोफा, पोटी बारीक नळी. नळीत पाणी भरावे, खाली डबीत वात पेटवावी, मग वाफ होऊन बोट फटफट करीत स्वबळे चालावी, ऐसा तिचा हुन्नर.

त्याच समयी ईप्सिताबाईंचे वर्गात ध्रुवप्रदेशाचा धडा चालला होता. वर्गाच्या बाई फ्राउ लेनार्ट्स यांनी फर्मान काढिले की, प्रत्येकाने आपले ध्रुवजहाज सिद्ध करून शुक्रवारी शाळेचे अंगणात, बर्फाचे घंघाळात सोडावे. तेव्हा ईप्सिताबाई भर वर्गात बोलून गेल्या की, माझी बोट खऱ्या वाफेवर चालते. त्यावर हेनिंग नामे सरदार, ज्याचे जहाज बॅटरीवर चाले, तो "क्वाच!" म्हणाला. क्वाच म्हणजे थाप. सारा वर्ग हसला. मग बाईसाहेब घरी आल्या आणि कोटही न उतरविता पंतांपुढे उभ्या राहून जर्मन भाषेत रडल्या. पंतांस भाषा कळली नाही, रडणे कळले. लतिकाबाईंनी तर्जुमा केला. शुक्रवारी बोट न चालली तर पोर वर्गात खोटी ठरते, हे पंतांचे जिवास लागले.

तों दुसरे विघ्न उभे राहिले. सिद्धेशराव म्हणाले, "बाबा, या तोफा शाळेत चालायच्या नाहीत हं. इथे साधी पिचकारी नेली तरी घरी बोलावणं येतं."

ऐकोन पंत खिन्न व्हावे, तों हर्षित जाहले. "अहो जावईबापू, उत्तम! इतिहासात असंच झालंय." ऐसे म्हणून त्यांनी ईप्सिताबाईंस मांडीशी घेऊन सांगितले की, पूर्वी आरमाराच्या कित्येक आगबोटी लढाई नसता रिकाम्या पडत, मग त्यांच्या तोफा उतरवीत, बर्फाने चिरडू नये म्हणोन कुशीस जाड लाकूड ठोकीत, पोटात बिस्किटे आणि लोकरी कपडे भरीत आणि त्यांस ध्रुवाचे शोधास पाठवीत. "लढणाऱ्या बोटीला शिकायला पाठवायचं, कळलं का?" बाईसाहेब "गेनाऊ" म्हणाल्या, म्हणजे मान्य केले.

मग कारखाना मांडिला. चारही तोफा पकडीने उपटिल्या. कुशीस लाकूड पाहिजे, त्याकरिता आइसक्रीमच्या काड्या ठरल्या. काड्यांकरिता ऐन पौषात सर्वांस आइसक्रीम खाणे प्राप्त जाहले, आणि त्यात सिद्धेशरावांचा घसा बसला. ते बोटीचे वजनावर मोठे गणित बोलून दाखवीत होते, सबब घसा बसणे घरात ईश्वरी कृपा मानिली गेली. लतिकाबाईंनी रसद म्हणोन एक शंकरपाळे बोटीत घातले. कप्तान म्हणोन ईप्सिताबाईंनी प्लास्टिकचा पेंग्विन नेमिला.

येथे गुरुजी अडले. "बाळ, आपली मोहीम उत्तर ध्रुवाची. तिथे पेंग्विन नसतात."

"ना उंड?" बाईसाहेब म्हणाल्या, म्हणजे मग काय जाहले, आणि दोन शब्दांसरशी अवघी मोहीम उत्तरेची दक्षिणेस फिरविली. कप्तान कायम राहिला. बोटीचे नाव त्यांनी आवडत्या मिठाईवरून बर्फी ठेविले.

वातीस तेल कोणते, यावर मसलत जाहली. पंतांनी निवाडा दिला की, खोबरेल घ्यावे, धूर थोडा होतो. न्हाणीघरी ऊन पाण्यात चाचणी घेतली, तों बर्फी फटफट करीत टब ओलांडोन गेली. सर्वांस परम संतोष जाहला.

शुक्रवारी पंत आणि लतिकाबाई नातीसह बसने शाळेत दाखल जाहले. थंडी ऐसी की पंतांची कानटोपी आतून गार. घंघाळात बर्फाचे खडक तरंगत होते, पैल तीरी ध्रुवाचे निशाण रोविले होते. हेनिंग सरदार पार होऊन आले. मग बर्फीची पाळी आली. पंतांनी नळीत पाणी भरिले आणि डबी उघडिली, तों आत तेल नाही, पांढरा दगड! काडी लाविली, वातीचे टोक जळाले आणि विझले. पुन्हा लाविली, पुन्हा विझले.

"अहो बाबा, खोबरेल!" लतिकाबाईंनी कपाळास हात लाविला. "थिजणार नाही तर काय!"

जो गुरुजी दर हिवाळ्यास खोबरेलाची बाटली वर्गात नेऊन द्रव आणि घन शिकवी, तोच ऐन रणी धडा विसरला. पंतांचे तोंड उतरले. हेनिंग मोठ्याने म्हणाला, "बघा, म्हटलं होतं ना, क्वाच!" फ्राउ लेनार्ट्स यांनी मृदु वाणीने पुढचे जहाज बोलाविले.

"वार्टे!" ईप्सिताबाई गरजल्या, म्हणजे थांबा. त्यांनी आजोबांचे हातची डबी घेतली, कोट उघडिला आणि डबी काखेत दाबोन उभ्या राहिल्या. हिवाळ्यात रविवारी केसांस तेल लावण्याआधी आई बाटली ऐसीच काखेत धरी, हे त्यांनी पाहिले होते. वर्ग खिदळला. बाईसाहेबांचा हात मात्र हलला नाही. पंत हळूच म्हणाले, "आजोबांचा कोट घे गं, जाड आहे." त्या मराठीत म्हणाल्या, "नको. माझी बोट आहे."

मग काही वेळाने डबी काढिली. तेल पाणी जाहले होते. वात पेटली, डबी नळीखाली सरकविली. मग फट्. मग फटफट. बर्फी हलली, पहिल्या खडकास काड्यांची कूस घासोन गेली, दुसऱ्यास धक्का देऊन गेली, आणि कप्तान ताठ उभा ऐसा निशाणास जाऊन लागली.

हेनिंगास तरी विश्वास येईना. आत बॅटरी दडविली असेल म्हणोन त्याने वाकून नळीस बोट लाविले आणि "आउ!" करून मागे उडाला. ईप्सिताबाईंनी तात्काळ दक्षिण ध्रुवाचा एक तुकडा मोडून त्याचे बोटावर धरिला.

"एष्ट," म्हणजे अस्सल, ऐसे तो वर्गाकडे तोंड करून म्हणाला. "खरी वाफ आहे. भाजतं."

ऐसी सरकारची फत्ते जाहली. शत्रूने स्वमुखे, भाजल्या बोटानिशी साक्ष दिली. ईप्सिताबाईंचा शब्द खरा जाहला. उभयपक्षी तह होऊन शंकरपाळे निम्मे निम्मे वाटिले. हे जैसे घडले तैसे लिहिले, यात क्वाच नाही. लेखनसीमा.