माणशी किती देते?

आमच्या कॉलनीत कोणी नवी गाडी आणली की पेढे वाटायच्या आधी दादारावजी हजर असतात. गाडीचा रंग, कंपनी, किंमत यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. ते टायरवर हात ठेवतात आणि विचारतात, "किती देते?" हा प्रश्न आपल्याकडे सगळेच विचारतात, म्हणून मालक खुशीत लिटरमागचा आकडा सांगतो, तोही जरा वाढवून. दादारावजी मान हलवतात आणि दुसरा प्रश्न टाकतात.

"माणशी किती?"

इथे मालक काच पुसायला लागतो.

दादारावजी ठोंबरे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, आमच्या समोरच्या घरात राहणारे. गाडी लिटरमागे किती धावते याला त्यांच्या मते काही अर्थ नाही, ती किती माणसं घेऊन धावते ते बघायचं. "एसटी डिझेल पेते, मान्य," ते पानठेल्यावर सांगतात, "पण पन्नास जणांत वाटून पेते. तुमी एकलेच पेता." लहान मूल ते अर्धं धरतात. बकरीचं अजून ठरलेलं नाही. सेलूकडे जाणारी खचाखच भरलेली काळी-पिवळी जीप दिसली की ते थांबून बघतात. "जीव धोक्यात हाय लोकाइचा," म्हणतात, आणि हळूच पुढे जोडतात, "पण भागाकार पाहा."

मी रोज स्कूटरने वर्ध्याहून सेवाग्रामला नोकरीला जाते. सकाळी फाटकाशी ते उभेच असत. "वहिनी, मांगची सीट आजही खालीच चालली." मी कामाच्या याद्या करून फ्रिजवर लावणारी बाई. सकाळचं एकेक मिनिट माझं ठरलेलं असतं, त्यात हे रोजचं बोलणं कुठे बसवायचं? शेवटी मागच्या गल्लीतल्या एका नर्सबाईंना मी मागे बसवायला लागले. आता आम्ही डबेही बदलून खातो. त्यांच्या हातची वांग्याची भाजी मला मिळते ती दादारावजींमुळे, हे मान्य करायला हवं.

त्यांना एकदाच कोणी अडचणीत आणलं, ते माझ्या नवऱ्याने. सुधीर म्हणाला, "दादारावजी, दुपारच्या गाडीत पाचच माणसं असतात. तिथे तुमची एसटी हरते. आमची स्कूटर जिंकते."

दादारावजी घरी गेले. दोन दिवस पानठेल्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी छत्री घेऊन निघालेले दिसले.

"कुठे?" सुधीरने विचारलं.

"दुपारच्या गाडीत. सहावा मी."

तेव्हापासून ते आठवड्यातून दोनदा काहीही काम नसताना दुपारच्या एसटीने कुठेतरी जातात आणि चहा पिऊन परत येतात.

अशा माणसाने मागच्या उन्हाळ्यात जे केलं त्याने कॉलनी चक्रावली. आधी ते बसस्टँडवर जेवायचा लाकडी पाट घेऊन दिसले. उभ्या बसच्या दाराखाली पाट ठेवायचा, त्यावर पाय देऊन वर चढायचं, मग उतरायचं, पुन्हा चढायचं. कंडक्टर म्हणाला, "काका, पंगत बसवता का?" दादारावजी त्याच्याकडे न बघता म्हणाले, "पाट डुगडुगते. अन् वरून मंग तो उचलनार कोन?"

मग ते आमच्या सगळ्यांच्या गाड्यांचे दरवाजे उघडून बसून बघायला लागले. आत नाही, आडवे, पाय बाहेर सोडून. बसायचं, उठायचं, पुढच्या घरी जायचं. जुनी गाडी घ्यायची म्हणतात असं कळल्यावर मी त्यांना एक छान यादी करून दिली: मायलेज, सुटे भाग, सर्व्हिसिंग, विमा. त्यांनी ती नीट वाचली आणि परत दिली.

"वहिनी, याच्यात महत्त्वाचं नाई."

"काय राहिलं?"

"दार उघडून बसलं का पाय जमिनीले टेकते का नाई, ते."

मायलेज विचारलं नाही. माणशी तर नाहीच. मला त्यांची काळजी वाटली. मी विमलकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, गाठलं. काकू अंगणात चिंच कुटत होत्या.

"बाईसाठी चाललं हे," त्या म्हणाल्या. बाई म्हणजे दादारावजींची मोठी बहीण, कारंजाला राहते. आई गेल्यावर यांना तिनेच वाढवलं. दरवर्षी महालक्ष्म्यांना ती एसटीने माहेरी यायची आणि सोळा भाज्या स्वतः चिरायची. "दोन वर्षं झाली, आल्या नाईत. गुडघे गेले. एसटीची पायरी चढनं होत नाई. गेल्या साली स्टँडवर येऊन वापस गेल्या."

"मग आमची गाडी न्या की."

"म्हनून पाह्यलं. बाई म्हनते, दुसऱ्याच्या गाडीत मी येत नाई. भावाचं वाहन असंन तर येतो."

आणि भावाजवळ वाहन नव्हतं, चालवताही येत नव्हतं. त्यांनी पासष्टी ओलांडल्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा पोरगा त्यांच्या नातवाच्या वयाचा. कॉलनीत त्यांच्यावर हसून झालं. पानठेल्यावर तर जन्मभर माळ घातलेल्या माणसाने सावजी मटण मागवावं तसे सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. उंच छताची, जुनी, राखाडी गाडी आणली आणि स्वतःच टायरवर हात ठेवून उभे राहिले. विचारणारं कोणी नव्हतं.

महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी ते आमच्या दारात आले. "सुधीरभाऊ, वहिनी, कारंजाले चला. दोन सीटा खाली जाऊन राह्यल्या."

सुधीर पुढचं दार उघडायला गेला.

"मांगं बसा."

पुढच्या सीटवर घडी केलेली चादर होती. मागे आमच्या दोघांच्या मध्ये तो पाट होता. दादारावजींचा गाडीवर हात पुरेसा बसला नव्हता आणि त्यांना ते माहीत होतं, त्यामुळे आर्वीपर्यंत ते पुढे झुकूनच चालवत होते. प्रत्येक बसथांब्याशी ते वेग कमी करत. आर्वीत तर सरळ बसस्टँडच्या आवारातच शिरले. शिटी वाजली. "हात आपोआप वळते," म्हणाले, आणि घाम पुसत बाहेर आले. मी मनातल्या मनात सुधीरच्या, माझ्या आणि पाटाच्या सुखरूप परतीचा विचार करत होते.

बाई अंगणात पिशवी घेऊन बसलेली होती. चांगली उंचपुरी, पांढरे केस, आवाज खणखणीत.

"हे आनली का? एसटी बंद झाली का काय?"

"नाई बाई. चालू हाय."

"मंग हे काऊन?"

दादारावजींनी पुढचं दार पूर्ण उघडलं. सुधीरने पाट काढून दिला, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. बाई काठी टेकत आली, वळली आणि सीटवर आडवी बसली. पाय जमिनीला नीट टेकले. दादारावजी खाली वाकले, तिचे पाय एकेक करून उचलले, आत ठेवले आणि पातळाचा काठ दारात अडकणार नाही असा सावरून दार लावलं.

"बाजेवानी हाय रे," बाई म्हणाली.

परतीच्या वाटेवर पुढे एसटी लागली. रस्ता मोकळा होता. सुधीर म्हणाला, "घ्या ना पुढे."

"एसटीले ओव्हरटेक? नाई."

दोन्ही बाजूंना हिरवी कपाशी होती. बहीणभाऊ दोघंही मान वाकवून एसटीच्या मागच्या काचेतून आत बघत होते.

"खालीच दिसते रे," बाई म्हणाली.

"हो ना. सन झाला का जातो मी तिच्यात."

सुधीरला राहवलं नाही. "दादारावजी, मग आज माणशी किती पडलं? जाताना तीन, येताना चार."

"येतानी बी तीनच धरा."

"का? बाई बसल्या आहेत की."

"तिले नाई धरायचं." त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "बाई माहेरी चालली."

मी मागे बसून भागाकार करून पाहिला. उत्तर फारच वाईट आलं. ते त्यांनाही माहीत असणार, पण आरशात त्यांचा चेहरा अगदी निवांत दिसत होता. बाईने पिशवीतून संत्र्याच्या गोळ्या काढल्या, एक भावाच्या तोंडात घातली, दोन मागे दिल्या. आणि आम्ही एसटीच्या मागोमाग, तिच्या चालीने, प्रत्येक थांब्यावर थांबत वर्ध्याला आलो.