खिडकीतलं मत

आठवीच्या वर्गात नेत्रा बाईंनी बाकं अर्धगोल लावून घेतली. "आज १९५२ साल. ही पहिली लोकसभा. मतं द्यायला बटणं नाहीत. आधी तोंडानं हो-नाही. निकाल पटला नाही तर मतविभाजन मागायचं, मग डोकी मोजायची. कळलं?"

विधेयक एकच. शाळेचं मैदान मंगळवार-गुरुवार मुलींच्या कबड्डीला. माणगावचे सामने तोंडावर आलेले, मैदानावर रोज पोरांचं क्रिकेट आणि पोरी सराव करत होत्या शाळेमागच्या खडीवर. एकीचा गुडघा धड नव्हता. मुख्याध्यापक शिवदास सरांनी तर शब्दच देऊन टाकलेला, "सभागृह मंजूर करील ते लागलीच लागू." पोरं सोळा, पोरी बारा. सरांना कसली भीती?

पोरांनी अध्यक्ष केला अंबाजीला. "आपलाच हाय, गप बसंल," असा क्रिकेटचा कप्तान साहिलचा हिशोब. पण अंबाजीनं बाईंचं नियमांचं पुस्तक अख्खं पाठ केलेलं.

"विधेयकाच्या बाजूचे?" अंबाजीनं विचारलं.

"व्हय!" भाविकानं आवाज टाकला. तिची आई बोर्लीच्या बाजारात मासळी विकते, गळा तिचाच. मागोमाग अकराजणी.

"विरोधातले?"

"न्हाय!" पोरं पंधरा, पण निम्म्यांचे आवाज याच वर्षी फुटायला लागलेले. कुणाचा कोंबडा झाला, कुणाची शिट्टी.

"व्हयवाले जास्त," अंबाजी म्हणाला.

साहिल बाकावर चढला. "ए अंब्या! फितूर!"

"अध्यक्षमहाराज म्हण."

"जा रे! आमचा सभात्याग!" टीव्हीवर बघितलेलं ना. पंधराच्या पंधरा पाय आपटत बाहेर.

भाविका सावकाश उठली. "अध्यक्षमहाराज, निकालावर बोंब झाली. मतविभाजन घ्या."

मतविभाजन सुरू झालं की दार बंद, या नियमानं अंबाजीनं दार लावलं. बाईंनी तोंडावर पदर धरला. बारा हात वर. विरोधात कुणीच नाही.

तेवढ्यात खिडकीला पंधरा डोकी लागली. आत थांबून नुसती डोकी मोजायला लावली असती तरी आपणच जिंकलो असतो, हे ओंकारनं व्हरांड्यात साहिलला समजावलं होतं. "आमची पंधरा मतं 'न्हाय'ला! लिही अंब्या, पंधरा!" साहिल ओरडला.

"खिडकीतलं मत धरत न्हाय," अंबाजी म्हणाला. "बारा विरुद्ध शून्य. मंजूर!"

पोरींनी बाकं अशी बडवली की शेजारची सातवी बाहेर आली. शिवदास सरांनी दोनदा घाम पुसला आणि सही केली.

मधल्या सुट्टीत साहिल कागद नाचवत मैदानावर आला. "अध्यक्षाला हटवायचा ठराव! पंधरा सह्या! हा गेला की मैदान परत आमचं!"

अंबाजीनं कागद वाचला, 'अध्यक्ष'मधली चूक सुधारली आणि घडी करून खिशात घातला. "मिळाला. याला चौदा दिवसांची नोटीस लागते."

"चौदा?" साहिलचा आवाज पुन्हा फुटला. "आणि यांचे सामने कधी?"

"दहाव्या दिवशी," भाविका म्हणाली. "साहिलदादा, जरा सरक. रेघ मारायचीय."

आणि तिनं त्याच्या पायापासून चुना टाकायला घेतला.