कळ्याजवळचा शिल्लक धक्का

जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन उघडायचं असेल, तर त्यानं आजवर गिळलेले धक्के आधी परत घ्यावे लागतात. जो ज्या सीटवर बसला असेल त्याचे धक्के त्यानं घ्यायचे, आणि तो हयात नसेल तर वारसानं. सगळे धक्के परत गेल्याचा मिस्त्रीचा दाखला असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

आमची चोपन्न सालची काळी गाडी चार वर्षं पुढून बसली होती. घरात वारस मी एकटाच उरलेलो, त्यामुळे काम टाळत होतो. पण गाडीशिवाय घराबाहेर पडायला मला दुसरं निमित्त नाही. शेवटी ती ओढत कोल्हापूरला उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, पुढची चाकं काढली आणि मला आत बसवलं.

"कवळी काढून ठेवा, मालक," ते म्हणाले. "गेल्या म्हैन्यात एका वकिलाची तुटली."

नियमाप्रमाणे एकेका माणसाचे धक्के काढतात, आणि त्यात आधी आत गेलेला आधी बाहेर येतो. पहिल्या दिवशी वडिलांचे निघाले. वडील जपून चालवायचे, त्यामुळे थोडक्यात आटोपलं. दुसरा दिवस काकांचा. काका आमच्या गावचे नगराध्यक्ष होते आणि गावात एकही खड्डा नाही असं भर सभेत सांगायचे. त्यांच्या जागी मी सलग पाच तास हादरत होतो. मिस्त्री खालून पाना फिरवत होते आणि मधूनमधून "आजून हाईत" एवढंच म्हणत होते. त्या दिवशी मला काकांचा मनापासून राग आला. तिसऱ्या दिवशी माझे स्वतःचे निघाले. त्यातले निम्मे मला ओळखूही आले नाहीत.

चौथ्या दिवशी डाव्या सीटवर बसलो. ते माझ्या बायकोचे, इंदूचे, एकतीस वर्षांचे धक्के होते. ती खड्डा दिसला की आधीच दरवाजा घट्ट धरायची, त्यामुळे ते हलके होते. मीही दरवाजा धरून बसलो. कंबर गेली होती, मान गेली होती, आणि आता हे सगळं कधी संपतंय असं झालं होतं.

चारच्या सुमारास मिस्त्री गाडीखालून बाहेर आले.

"एकच ऱ्हायलाय. कळ्याजवळचा हाय, चार वर्सांमागचा. मोठा हाय, त्यानंच गाडी बसलीया. नीट धरून बसा."

तो कुठला, ते मला विचारावं लागलं नाही. डॉक्टरांनी हात टेकल्यावर मी इंदूला दवाखान्यातून घरी नेत होतो. महिनाभर दुखण्यानं तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. कोल्हापूर सुटलं आणि ती झोपली. वाटेत कळे गावाजवळ पाण्यानं भरलेला खड्डा मला दिसलाच नाही. गाडी खाली गेली, वर आली, आणि इंदूला काही कळलं नाही. घर येईपर्यंत ती झोपून होती. त्यानंतर ती चारच दिवस होती, पण पुन्हा तशी झोपली नाही.

"हा नको," मी म्हणालो.

"नको म्हणून कसं चालंल? दाखला मिळायचा न्हाई. गाडी कायमची दारात उभी ऱ्हाईल."

"राहू दे."

"एवढं शेकड्यानं घेतलंसा, मालक. आनखी एकानं तुमाला काय व्हतंय?"

"मला काही होत नाही हो."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग फडक्याला हात पुसून छापील फॉर्म घेतला आणि शिल्लकच्या रकान्यात 'एक' लिहिलं.

"कारण लिवाय लागतंय. काय लिवू?"

"झोपमोड होईल, असं लिहा."

त्यांनी तसं लिहिलं, शिक्का मारला आणि माझी सही घेतली. सस्पेन्शन न उघडताच चाकं परत चढवली. अशा गाडीला फक्त घरापर्यंत जायची परवानगी असते, तीही ताशी वीसच्या आत. मी कवळी बसवली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसलो.

डावा दरवाजा उघडाच राहिला होता. मिस्त्री वळसा घालून आले, आणि आवाज होऊ न देता त्यांनी तो हलकेच लोटून घेतला.