दिसलं न्हाई पायजे

कुलथेकाकांच्या घरात दिवा लावायचा असेल, तर आधी शंकर-पार्वतीला बाजूला सारावं लागतं. बटण त्यांच्या कॅलेंडरमागे आहे. दारावरची घंटा नेमकी कुठून वाजते, हे चार वर्षं शेजारी राहूनही मला कळलेलं नाही. एकदा न्हाणीघरातला पाइप गळायला लागला, तेव्हा तो भिंतीत कुठून गेलाय हे खुद्द काकांनाही आठवेना. तीन ठिकाणी भिंत फोडली. चौथ्या ठिकाणी पाइप सापडला, तेव्हा काका प्लंबरला कौतुकाने म्हणाले, "बघा, किती बराबर लपवला व्हता."

काका नवीन जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत फिटर होते. निवृत्त झाल्यापासून रिमोटवर उडणारी विमानं बनवतात. अशा विमानाच्या पंखाची मागची पट्टी वरखाली हलते, म्हणून विमान वळतं. ती हलवायला काडेपेटीएवढी एक मोटर असते, तिला सर्व्हो म्हणतात, आणि मोटरपासून पट्टीपर्यंत एक बारीक तार. बाकीचे हौशी लोक मोटर पंखाखाली चिकटवतात आणि मोकळे होतात. काकांना ते बघवत नाही.

"खऱ्या इमानाला कधी तार लोंबून राह्यलेली पायली का, सर?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून असले प्रश्न मला. काका पंख आतून कोरतात, मोटर आत बसवतात, तार पंखाच्या जाडीतून नेतात, वरून कागद, पॉलिश पेपर, रंग. मग माझं बोट धरून पंखावरून फिरवतात. "सांगा, कुठं हाय?" पहिल्या वर्षी मला खरंच सांगता यायचं नाही. आता येतं, पण मी चुकीचीच जागा दाखवतो. "दिसलं न्हाई पायजे," काका खूश होऊन म्हणतात. "दिसलं म्हंजे काम कच्चं."

आता पंख असा बंद केल्यावर आतलं बिघडलं तर कळणार कसं? काका पंखाला कान लावतात. वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटून बसतात आणि सांगतात, "डावी थकून राह्यली." पंख कापला की डाव्या मोटरच्या चाकाचे दात झिजलेले निघतात. मी कान लावला तर मला नुसती गुणगुण ऐकू येते, तीही कधीकधी.

सुमनकाकूंना मात्र दोन वर्षांपासून ऐकू येईनासं झालं. काकांनी डॉक्टरांकडे अर्थातच कानाच्या आत लपणारं यंत्र मागितलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशाने भागणार नाही, कानामागे बसणारं मोठंच लागेल. काकूंनी ते आठ दिवस लावलं. मग एका हळदीकुंकवाला कुणा एका बाईने सगळ्यांसमोर विचारलं, "हे काय ओ कानामागं?" काकू घरी आल्या आणि यंत्र साड्यांच्या कपाटात गेलं. लग्नं, बारशी, शेजारणीशी ओट्यावरच्या गप्पा, सगळं बंद. नाशिकहून लेकीचा, लताचा फोन आला की काकू "हो, हो, जेवलो आम्ही," म्हणून फोन काकांकडे द्यायच्या. एकदा लता आपण आजारी असल्याचं सांगत होती आणि काकू म्हणाल्या, "लई बरं झालं." मी तिथेच होतो. एरवी मी असल्या गोष्टीला हसतो, त्या दिवशी हसू आलं नाही.

आणि मग एका सकाळी काकाच कानामागे यंत्र लावून बाहेर आले. चांगलं जाडजूड. वर केस बारीक कापलेले, म्हणजे ते लांबून दिसावं. भाजीवाल्याला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. "फॅक्टरीत कान गेले," म्हणाले. मला प्रत्येक वाक्य तीनदा म्हणायला लावलं. महिनाभर मी घसा फोडला.

मग एका रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे अंबड रस्त्याच्या माळावर गेलो. विमान धरून उभं राहायचं काम माझं. काकांनी उडवण्याआधी पंखाला कान लावला, तोही यंत्र असलेला, आणि पुटपुटले, "उजवीचा एक दात गेला वाटतं."

मी अगदी हळू विचारलं, "काका, हे तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं की," ते म्हणाले, आणि त्यांचा हात कानामागे गेला.

त्यांनी यंत्र काढून माझ्या हातावर ठेवलं. जुन्या सर्व्होचं रिकामं खोकं होतं, घासून गोल केलेलं, कातडीच्या रंगाचं. आत काहीच नव्हतं.

"ती हळदीकुंकवाहून रडत आल्ती, सर. मी काय म्हणलो म्हाईत हे का? पदर पुढं घे, मंग दिसणार न्हाई. चाळीस वर्षं माझ्या तोंडून तिनं हेच ऐकलं, दिसलं म्हंजे कच्चं. तिला वाटलं, आता आपणच कच्च्या झालो." काका पंखावरून हात फिरवत राहिले. "मंग म्हणलं, दिसू दे. माझं आधी दिसू दे."

मला माझ्या महिनाभराच्या ओरडण्याचं काहीच वाटलं नाही. वाटलं, आणखी ओरडलो असतो.

काकूंचं यंत्र आधीच कपाटातून निघालं होतं, हे मला पुढच्या रविवारी कळलं. त्या माळावर आल्या होत्या, सतरंजीवर बसल्या होत्या, कानामागे यंत्र आणि पदर खांद्यावर. काका लांब उभे राहून विमान फिरवत होते. काकूंनी मला जवळ बोलावलं.

"ह्यांच्या मशीनमधी काही न्हाई, तुम्हाला म्हाईत असंल."

मी विमानाकडे बघत राहिलो.

"माझ्या मशीनला हात लागला की शिट्टी मारती. ह्यांची एकदा बी वाजली न्हाई. रात्री उशी लागती, तरी न्हाई." त्यांनी काकांकडे एक नजर टाकली. "सांगू नका त्यांना. एवढं जपून लपवलंय."

तेवढ्यात काकांनी मान वळवली. "काय म्हणून राह्यली ती?"

काकूंनी तोंडाशी हात धरला आणि बहिऱ्या माणसाशी बोलतात तसा आवाज चढवला, "काही न्हाई. इमान छान उडून राह्यलंय म्हणलं."

काकांनी कानामागचं रिकामं खोकं नीट बसवलं आणि म्हणाले, "आँ? जरा जोरात."

काकूंनी पुन्हा सांगितलं, आणखी जोरात.