शकूआत्या आणि कचऱ्याचा डबा

शकूआत्या कुणाच्या घरी गेली की आधी चपला काढते आणि मग पर्समधून रंगाचा ब्रश काढते. तो त्या घरातल्या कॉम्प्युटरच्या पाठीमागची धूळ झटकायला. यजमान "बसा ना" म्हणेपर्यंत ती टेबलाखाली शिरलेली असते आणि तिथून आवाज येतो, "अगो, हा पंखा आहे की कुंचा?"

ही माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आई-बाबा दोघंही नोकरी करायचे, त्यामुळे रत्नागिरीतलं आमचं घर आणि आम्ही मुलं आत्याच्याच हाती होतो. आम्ही मोठे झालो, तिला दुपारी काही काम उरलं नाही, तेव्हा तिने कॉम्प्युटरचा वर्ग लावला. तिथे पत्र लिहायला शिकवलं, तक्ते करायला शिकवले. आत्याच्या मनात भरला तो शेवटचा धडा : कॉम्प्युटरची निगा.

तेव्हापासून आमच्या घरी दर शनिवारी कॉम्प्युटरला सुट्टी. आत्या प्लग काढते, खोक्याचं झाकण उघडते, आतली तांबडी धूळ ब्रशने झटकते, कोरड्या फडक्याने पुसते. "आपल्याकडची हवा खारी. दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, ह्याचं काय घेऊन बसलास!" रोज रात्री ती "गॅस बंद केला का?" ह्याच सुरात मला विचारते, "शटडाऊन केलंस की नुसतं झोपवलंस?" अपडेट पुढे ढकललं तर म्हणते, "डॉक्टरची गोळीपण उद्या घेणार काय मेल्या?" आणि काढून टाकलेल्या फायली जिथे जाऊन पडतात त्या कचऱ्याच्या डब्याबद्दल तर तिचं मत ठाम : "खरकटं रात्रभर ठेवू नये. मुंग्या लागतात."

घरात हे चालायचं. बाहेर मात्र माझी मान खाली जायची. एकदा मी तिला गुडघेदुखीसाठी दवाखान्यात नेलं. तिने नंबर लावणाऱ्या मुलीला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः टेबलाखाली गेली. पेशंट खोळंबले. डॉक्टर बाहेर आले तर त्यांना फक्त आत्याचे पाय दिसले. "गुडघा वाकतो की छान," ते म्हणाले. मी भिंतीवरचा मधुमेहाचा तक्ता वाचत उभा होतो. ही बाई कुणाची, मला ठाऊक नव्हतं.

पण खरी लाज वाटली ती जवळच्या मिरजोळे गावात.

माझ्या लग्नासाठी स्नेहलला बघायला गेलो होतो. आई-बाबा, मी आणि आत्या. मी वाटेत हात जोडून सांगितलं होतं, "आत्या, आज नको." ती म्हणाली, "मी काय वेडी आहे?" स्नेहलचे वडील तुकारामभाऊ कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला हळू. बायकोही तशीच. कोकम सरबत आलं. मी स्नेहलला काहीतरी विचारायचं म्हणून विचारत होतो. तेवढ्यात कोपऱ्यातला कॉम्प्युटर घरघरला आणि आत्या उठली.

"फार हळू चालतो हो," तुकारामभाऊ भाबडेपणाने म्हणाले. झालं! पाठीमागची धूळ गेली, वायरी सरळ झाल्या. मग ती खुर्चीवर बसली. "डबा बघा किती भरलाय!" असं म्हणत तिने तो रिकामा करायचं बटण दाबलं. खात्री आहे का, असं त्या यंत्राने विचारलं. आत्याला नेहमीच खात्री असते.

तुकारामभाऊ उभे राहिले. हातातला पेला तसाच.

"ताई, त्यात माझी गाणी होती."

कुणालाच कळेना. मग हळूहळू कळलं. शिमग्यानंतर गावात नमन होतं, सोंगं काढून खेळे रात्रभर नाचतात, त्यातली गाणी तुकारामभाऊ रचायचे. पोरगे मुंबईला. ते हसायचे, म्हणायचे, बाबा आता ह्या वयात काय हे. म्हणून भाऊ गाणी त्या डब्यात ठेवायचे. हवं तेव्हा एखादं बाहेर काढायचे, दोन ओळी जोडायचे, परत आत टाकायचे. "तिथे कोण बघतो?" ते म्हणाले. मुलीसमोर हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

आत्याने हात मांडीवर ठेवले.

"जाऊ द्या हो ताई," भाऊच म्हणाले. "कचराच होता, कचऱ्यात होता."

त्या वाक्यानंतर पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. आम्ही उठलो. रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, "शकू, तुला घेऊन कुठे जायची सोय नाही." आत्या बाहेर बघत होती.

भाऊंचा कॉम्प्युटर मी दुरुस्तीच्या दुकानात नेला. गाण्यांची नावं परत आली, पण उघडली की आत नुसते चौकोन. त्या शनिवारी आमचा कॉम्प्युटर कुणी पुसला नाही. आत्या नीट जेवली नाही. सोमवारी दुपारी ती एकटीच बसने मिरजोळ्याला गेली आणि भाऊंच्या दारात उभी राहिली. "तुम्ही म्हणा. मी टाइप करते."

भाऊ लाजले. मग खिडकीकडे तोंड करून, काजूच्या झाडाला ऐकवल्यासारखं म्हणू लागले. आत्या एका बोटाने टाइप करायची. भाऊ अडले की स्वयंपाकघरातून पुढची ओळ यायची. बायकोला सगळी गाणी पाठ होती! त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भाऊंना त्याचा पत्ता नव्हता.

मग आत्या दुपारी मिरजोळ्यालाच जाऊ लागली. काही दिवसांनी होकार आला. तो मला आला की आत्याला, हे स्नेहलला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

एकदा संध्याकाळी मी आत्याला आणायला गेलो. गाणी जवळजवळ संपत आली होती. बसची वाट बघताना मी चिडवलं, "हल्ली कुणाच्या कॉम्प्युटरला हात लावत नाहीस वाटतं?"

"लावते की. पण आधी विचारते, ह्यातलं काय ठेवायचंय."

मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला कुणी कधी विचारलंच नाही रे. शकू आवर, शकू पूस, शकू काढून टाक. मग मी काढून टाकायला तेवढं शिकले."

"तुला काय ठेवायचं होतं, आत्या?"

ती हसली. "आता काय सांगू? विचारायला उशीर केलास."

बस आली. तिला खिडकीची जागा मिळाली, मला तिच्या शेजारची. मागच्या बाकावर ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती भाऊंच्या गाण्याची चाल गुणगुणत होती. आत्याला गाता येतं, हे आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. तिने वाढवलेला मी, मलासुद्धा नाही. माझी मान वर होईना.

"अरे, तिकीट काढ," आत्या म्हणाली. "कंडक्टर कधीचा उभा आहे."