वाढदिवसाच्या रकान्यात बसवलेलं पंक

यवतजवळच्या एका परमिट रूममध्ये एक जूनच्या संध्याकाळी प्रायोगिक व पंक संगीताचा कार्यक्रम करण्याचे ठरले आणि त्यासाठी रीतसर परवानगी मागण्याची चूक झाली. गाणार होती शिरूरची सुषमा. तिचा जोडीदार कैफ रसवंतीच्या मोटरीला माईक लावून तिची घरघर वाजवणार होता. तीन वर्षे दोघांनी कांद्याच्या चाळीत तालीम केली होती. माणसांसमोर एकदा तरी गायचं, एवढंच सुषमाला हवं होतं.

अर्जात 'कार्यक्रमाचा प्रकार' या रकान्यात भजन, जागरण-गोंधळ, ऑर्केस्ट्रा, प्रचारसभा आणि वाढदिवस एवढेच पर्याय होते.

"तुमच्या पंकात करत्यात काय?" कचेरीतल्या कारकुनाने विचारले.

"व्यवस्थेच्या नावानं बोंब मारत्यात, साहेब," कैफ म्हणाला.

"म्हंजी प्रचारसभा. पर सध्या निवडणूक न्हाई. वाढदिवस टाका. एक जून हाय, सत्कारमूर्ती कमी पडायचा न्हाई."

ते खरेच होते. शाळेत नाव घालताना ज्याची जन्मतारीख घरात कुणालाच आठवत नसे, त्याला गुरुजी एक जून देऊन टाकत. परमिट रूमचे मालक पोपटराव यांचे वडील गेणबा त्यांतलेच. त्यांच्या नावावर परवानगी मिळाली. अटी दोन: रात्री दहाला आवाज बंद, आणि दर्शनी भागी फ्लेक्स, कारण फ्लेक्सविना वाढदिवस संशयास्पद ठरतो.

फ्लेक्स लागला आणि घोटाळा झाला. "माझा बी आजच हाय की," म्हणत पार राहू गावापासूनची माणसे आधारकार्ड घेऊन आली. पोपटरावांना ग्रामपंचायतीला उभे राहायचे होते, त्यामुळे कुणालाच नाही म्हणता येईना. फ्लेक्स दोनदा बदलला. सात वाजेतो त्रेचाळीस सत्कारमूर्ती जमले. त्यांत तो कारकूनही होता. प्रत्येकाला शाल, नारळ, केक आणि 'दोन शब्द'. सुषमा माईकशेजारी उभी राहून नारळ पुढे करत होती. रागाने तिचे कान तापले होते.

दहाला पाच कमी असताना आवाज बंद करायला हवालदार आले. त्यांचाही वाढदिवस निघाला. चव्वेचाळिसावी शाल खांद्यावर घेऊन त्यांनी विचारले, "आता काय राहिलंय?"

"आभार," कैफ म्हणाला.

"आभाराला कोण न्हाई म्हनंल? घ्या उरकून."

मोटर घरघरली. सुषमाचे गाणे एकाच ओळीचे होते: 'तुम्ही कोण, काय केलंत?' तीन वर्षांचा गळा काढून ती ते पहिल्या रांगेतल्या एकेका चेहऱ्यावर ओरडली. पहिली रांग टाळ्या वाजवू लागली.

"पोरगी आपुलकीनं इचारपूस करती," कारकून डोळे पुसत म्हणाला.

गेणबा तेवढे उठले. शाल काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली.

"म्या काय बी केलं न्हाई, पोरी," ते म्हणाले. "जल्मलो, त्यो बी एक जूनला न्हाई."

सुषमाला तिचा श्रोता मिळाला. दहाला मोटर बंद झाली. 'आभारप्रदर्शन मोठ्या आवाजात, परंतु शांततेत पार पडले,' अशी नोंद झाली.

गेणबा सोडून बाकीचे बेचाळीस अजून फ्लेक्सवर हसत आहेत. आपणही हसत असाल, तर एकदा जाऊन तो फ्लेक्स नीट बघा. खाली 'शुभेच्छुक' लिहिले आहे, तिथे डावीकडून तिसरा फोटो आपला आहे.